चार माणसांचं पातेलं

शिवणवालीने पातेलं गल्ल्यावर आपटलं तेव्हा खानावळीत दुपारची झाडलोट चालली होती.

"झाकण काढा," ती म्हणाली. "आणि नाक धरा."

थोरलीने झाकण काढलं. नाक मात्र धरलं नाही. खानावळीची थोरली सून कुणाच्या सांगण्यावरून नाक धरत नसते. तरी करपटाण वास सरळ डोळ्यांत गेला. बुडाला कोळसा, वर वाटाणे. वाटाणे कसले, गोट्या! तिने एक उचलून बोटांत दाबला. वाटाणा तसाच राहिला, बोट दबलं.

"तुमच्या कागदावर लिहिलंय तसंच केलं. अक्षर न् अक्षर," शिवणवाली म्हणाली. "सासऱ्यांची वरची कवळी मोडली. आता खालच्या कवळीवर बोलतात, कुणाला काही कळत नाही. घरात तेवढीच काय ती शांतता."

"वाटाणे भिजवले होतेस?"

"रात्रभर. भिजवलेल्यातले निम्मे आणलेत, हे बघा." तिने कमरेची पुरचुंडी सोडली. शिवणवाली भांडायला निघाली की पुरावा बरोबर घेऊनच निघायची. कापड तोकडं आलं तर उरलेलं चिंधीसकट दाखवणारी बाई. "माझंच नाही. काल ज्या चाळीस घरांनी पोती नेली, त्या चाळीस घरांत आज हाच वास आहे. आणि वसाहतीत काय बोलतायत सांगू?"

"सांग."

"म्हणतात, खरं ते पोटात ठेवलं आणि खोटं ते कागदावर उतरवलं. भट्टी पेटली की लोक झक मारत परत खानावळीत यावेत, म्हणून."

थोरलीने झाकण परत ठेवलं. "आणि तुला काय वाटतं?"

"मला तसं वाटलं असतं तर पातेलं गल्ल्यावर नसतं ठेवलं. तुमच्या डोक्यात घातलं असतं."

काचकारखान्याची भट्टी विझून तीन महिने झाले होते. काचेची भट्टी एकदा थंड पडली की आतली काच दगड होते; मग ती फोडून काढायची, तेव्हा कुठे नवी पेटते. ती फोडायला कुणाची लगबग दिसत नव्हती. वसाहतीतली एकशे चाळीस घरं हात चोळत बसली होती. पहिले अकरा आठवडे खानावळीने त्यांना दिवसातून एकदा जेवू घातलं, एकशे वीस पानांची दोन पातेली, रोज, कुणाकडून काही न घेता. मग कोठीघरात जमीन दिसायला लागली. त्याच सुमारास दुसऱ्या गावांच्या काचकामगारांनी शिध्याची पोती पाठवली, घरटी एक. वाटाणे, मसूर, पीठ, बटाटे, कांदे, तेलाची बाटली. महिनाभर पुरवायची.

पोती आली, पण पंचाईत निराळीच निघाली. या वसाहतीत नवरा-बायको दोघंही पाळीवर जाणारी; तीन पिढ्या खानावळीत जेवून वाढल्या. कित्येक घरांत चुलीवर चहापलीकडे काही चढलंच नव्हतं. पोतं पुढ्यात घेऊन माणसं त्याच्याकडे बघत बसली, जसं नव्या सुनेकडे बघतात.

तेव्हा थोरलीच्या लेकीने, मास्तरणीने, सुचवलं, की जेवण देता येत नसेल तर कृती देऊ. सात पदार्थ कागदावर लिहू आणि प्रत्येक पोत्याबरोबर एक कागद. मालक, म्हणजे थोरलीचा नवरा, उसळलाच. सासूबाईंनी मरेपर्यंत शेजारणीला मिठाचा अंदाज सांगितला नव्हता, आणि ही पोरगी अख्खी खानावळ वाटायला निघाली! मधली जाऊ मालकांच्या बाजूने मान हलवत होती. मधलीची मान अशी, की वारा कुठून येतोय ते तिच्याकडे बघून सांगावं. थोरली मात्र लेकीच्या बाजूने उभी राहिली. एकतीस वर्षांत नवऱ्याच्या विरुद्ध पहिल्यांदा. "लोक जगले तर गिऱ्हाईक होतील," असं तिने मोठ्याने सांगितलं. मनात निराळंच होतं. वाढलेली ताटं बंद करताना समोरच्या माणसांनी काही तक्रार केली नव्हती. ती न केलेली तक्रार तिला डाचत होती.

आता राहिलेली शंभर घरं उद्या सकाळी पोती आणि कागद न्यायला येणार होती. खोटारडेपणाचा शिक्का बसला तर तो पुसायला अख्खी पिढी जावी लागली असती. शिवाय शंभर घरांच्या वाटाण्यांचा कोळसा झाला असता तो वेगळाच.

मास्तरीण शाळेतून आली ती उंबऱ्यातच अडखळली. पातेल्यात डोकावली. मग पर्समधून कागद काढला.

"भागाकार बरोबर आहे," ती म्हणाली. "दोनशे चाळीस माणसांचं माप, भागिले साठ, म्हणजे चार माणसांचं. तीनदा तपासलाय."

"अगं मग वाटाण्यांनी गणित वाचलं नसेल," शिवणवाली म्हणाली.

"वाद कशाला? करून बघू," थोरली म्हणाली आणि पदर खोचला.

इथे पहिली अडचण आली. खानावळीच्या स्वयंपाकघरात चौघांचं भांडंच नव्हतं. सगळ्यात लहान पातेलं पंचवीस जणांच्या चहाचं. शेवटी शिवणवालीचंच पातेलं राख लावून घासलं. मधली घासत होती आणि तोंडाने "मी तरी म्हणतच होते" असं काहीतरी पुटपुटत होती. काय म्हणत होती ते नेहमीप्रमाणे कळू दिलं नाही.

कागदावर होतं तितकं तेल थोरलीने मोजून घातलं. ते बुडाच्या मधोमध जमलं, आजूबाजूला बूड कोरडंच. कांदा पडला, चरचरला, आणि ती डाव हातात घेईपर्यंत काळा. कढई असो की पातेलं, थोरलीचा हात दोन्ही खांद्यांतून फिरायचा. या इवल्याशा भांड्यात डाव फिरवताना पातेलंच गोल फिरायला लागलं.

"धरू का?" शिवणवालीने विचारलं.

"गप्प बस."

वाटाणे पडले, पाणी पडलं, उकळी आली. मग कागदाप्रमाणे, आणि एकतीस वर्षांच्या सवयीप्रमाणे, तिने आच बंद केली आणि झाकण घातलं. खानावळीची खरी कळ तीच होती. पातेल्याला एकदा उकळी आली की जाळ काढायचा, झाकायचं, आणि दुसऱ्या कामाला लागायचं. आतल्या उबेवर ते दोन तास रटरटत राहतं, वाटाणा लोण्यासारखा होतो, आणि जळण वाचतं.

अर्ध्या तासाने तिने झाकणावर हात ठेवला. झाकण गार. मास्तरणीने हात ठेवला. मधलीने ठेवला. शेवटी मालकांनी ठेवला, आणि ते हसले.

"झालं समाधान? आपण लोकांना आपलं माप दिलं. आपलं पातेलं कुठून देणार?" ते म्हणाले. "कागद फाडा. मी सांगत होतो."

"तुम्ही हे सांगत नव्हता," थोरली म्हणाली. "तुम्ही सांगत होता की लोक शिकतील. आता तक्रार ही आहे, की लोक शिकत नाहीत."

"मग तूच कर चौघांचं! येतं का?"

थोरलीला येत नव्हतं. मधलीला येत नव्हतं. मास्तरीण वर्गमूळ काढायची, पण तिने जन्मात अंडं उकडलं नव्हतं. सासूबाईंचा दंडकच होता, जे गिऱ्हाईकाच्या ताटात तेच आपल्या ताटात. या घरात दुसरं भांडं चढणार नाही. दंडक सोन्यासारखा. त्याच्या जोरावर तीन पिढ्या गिऱ्हाइकाने डोळे मिटून घास घेतला होता. पण त्याच्या पोटी अशी एक पिढी निपजली होती, जिला लग्नाची पंगत पेलायची आणि दोन माणसांचं जेवण जमायचं नाही.

"चौघांचं येणारं एक माणूस आहे आपल्यात," मधली म्हणाली. मधलीचं वाक्य पहिल्यांदाच सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. "आपल्यात म्हणजे... होतं."

कुणी नाव घेतलं नाही. घरात धाकटीचं नाव नऊ वर्षं घेतलं गेलं नव्हतं.

धाकटीची पोर दोन वर्षांची असताना आजारी पडली होती. खानावळीचं तिखट तिच्या पोटात ठरेना. धाकटीने एक लहानसं भांडं मागितलं, पोरीपुरता मऊ भात करायला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. डाव नुकताच थोरलीच्या हातात आला होता, आणि नव्या अंमलदारासारखी ती नियमाला जास्तच चिकटून होती. "आज तुझं भांडं, उद्या मधलीचं. परवा गिऱ्हाईक विचारेल, मालकीणबाई काय खातात?" इथवर ठीक होतं. पण पुढे ती बोलून गेली, "एवढंच नडत असेल तर मांड आपली वेगळी चूल." पंगत बसलेली होती. दोनशे माणसांनी घास हातात धरून ऐकलं. तिसऱ्या दिवशी धाकटी आणि तिचा वायरमन नवरा पोरीला घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या दोन खोल्यांत गेले.

"मी निरोप धाडतो," मालक म्हणाले. "तू कशाला तिच्या दारात जायचं? मान आहे घराला."

"निरोप धाडून तिला घालवलं नव्हतं," थोरली म्हणाली. "तोंडाने घालवलं होतं. तोंडच न्यायला पाहिजे."

"मी येऊ?" मधलीने विचारलं.

"कुणाच्या बाजूने?"

मधली विचारात पडली. ती विचारात असतानाच थोरली शिवणवालीचं पातेलं आणि पुरचुंडीत उरलेले भिजके वाटाणे घेऊन बाहेर पडली.

धाकटी दारातच लसूण सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, थोरलीकडे, मग तिच्या हातातल्या पातेल्याकडे.

"या, जाऊबाई," ती म्हणाली. नऊ वर्षांनी माणूस येतं आणि यजमानीण उठत नाही, यात काय ते कळायचं त्याला कळतं. थोरलीला कळलं. ती आपणहून पायरीवर बसली.

"वसाहतीतलं ऐकलंस?"

"वास आला."

थोरलीने कागद पुढे केला. धाकटीने तो वाचला, पातेल्यात पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. आधी थोरलीला वाटलं ती रडते आहे.

"तेल मोजलंत!" धाकटी हसता हसता म्हणाली. "आणि आच काढलीत! एवढ्याशा भांड्याखालची! अहो जाऊबाई, याला उकळी आली ती गेलीसुद्धा असेल, तुम्ही झाकण शोधेपर्यंत."

"हस. हसायचा अधिकार आहे तुला."

त्यावर धाकटीचं हसू उतरलं. "अधिकार मागायला नाही गेले मी कधी. पोरीचा ताप उतरला तेव्हा वाटलं, तुम्ही याल. शाळेत घातली तेव्हा वाटलं. मग वाटायचं थांबलं, आणि मग जरा बरं चाललं." तिने पुढची पाकळी सोलली. "आता वाटाणे शिजेनात म्हणून आलात."

"हो," थोरली म्हणाली. "वाटाणे शिजले असते तर आले नसते. खोटं कशाला सांगू?"

आत वायरमन काहीतरी ठोकत होता. त्याची हातोडी थांबली. दोघींनाही ते कळलं.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. शब्द पहिलटकरणीसारखे अडले, पण आले.

"काय चुकलं? भागाकार?"

"भागाकार बरोबर होता. ते भांडं चढू द्यायला हवं होतं."

लसूण संपला तरी धाकटी साल चाळत राहिली. "इथं दोन खोल्यांत म्हणून काय उपयोग, जाऊबाई? मला घालवलंत ते भरल्या पंगतीत. भाजी आणायला गेले तर अजून कुणीतरी विचारतं, 'वेगळी झालेली ती तूच का?'"

थोरलीने कागद उचलून घडी घातली. धाकटीने जरा वाट पाहिली, मग उठली आणि आतून पेन्सिल घेऊन आली.

"द्या इकडे कागद. पोरंबाळं उपाशी ठेवून मला कसला मान मिळणार आहे?"

पुढचा तासभर थोरली शिकत होती. शिकवणारीने दयामाया केली नाही. तेल मोजायचं नाही. बूड ओलं होऊन दिसेनासं होईल इतकं घालायचं, भांडं केवढंही असो. पाणी वाटाण्यावर चार बोटं. झाकणावरही पाणी ठेवायचं, ते तापलं की आटलेल्या रश्श्यात तेच ओतायचं, गार पाणी घातलं की वाटाणा रुसतो. आच बारीक, पण चालू, वाटाणा अर्धा चेपेपर्यंत.

"अर्धा? आणि पुढे?"

धाकटीने खाटेवरचं जाड पांघरूण ओढलं आणि उकळतं पातेलं त्यात तान्ह्या पोरासारखं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. "पहिल्या वर्षी जळण पुरायचं नाही आम्हाला. दोन तासांनी उघडायचं."

थोरली त्या गाठोड्याकडे बघत राहिली. "म्हणजे सासूबाईंचीच युक्ती."

"युक्ती त्यांचीच. पांघरूण माझं."

दोन तासांनी वाटाणा बोटाला लागताच विरघळला. थोरलीने चाखून पाहिलं. तिला अळणी लागलं, पण तिने मीठ मागितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसरीच्या हाताला तिने नावं ठेवली नाहीत.

"मास्तरीण आज नवे कागद करेल," ती उठत म्हणाली.

"कागदाने भागणार नाही. कागदावर विश्वास ठेवूनच हात पोळलेत लोकांचे. करून दाखवायला लागेल. पोती वाटता तिथं, सगळ्यांदेखत. माझी चूल, माझं पातेलं." धाकटी थांबली. "आणि सांगणार मी."

"तूच सांग," थोरली म्हणाली.

सकाळी वसाहतीच्या अंगणात शंभर घरांतली माणसं हाताची घडी घालून उभी होती. मागे काल करपलेली चाळीस घरंही आली होती, तमाशा बघायला. वायरमनने चूल मांडली. धाकटी पाटावर बसली. मालक पोत्यांपाशी, घराचा मान सांभाळत. मधली बरोबर मध्ये, दोन्हीकडे दिसेल अशी.

"ही कोण?" कुणीतरी विचारलं.

"ही त्यांच्यातली वेगळी झालेली. हिला काय ठाऊक खानावळीचं?"

धाकटीने ऐकलं. तिने तेल ओतलं आणि बोलायला सुरुवात केली, पण लोकांचे डोळे तिच्यावर ठरत नव्हते. एकतीस वर्षं ज्या हाताने वाढलं त्या हाताकडे सगळे बघत होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, काच फुंकणाऱ्याची विधवा, धाकटीला ओलांडून सरळ थोरलीला म्हणाली, "बाई, माझ्या घरात मी आणि नात, दोघीच. मी सगळं निम्मं करू का? तुमच्या तोंडून सांगा. आमचा तुमच्यावर भरवसा."

'हो, निम्मं करा' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी समाधानाने गेली असती, घराचा मान राहिला असता, आणि वाटाणे पुन्हा करपले असते. धाकटीने मान वर केली नाही; ती डावाने तेल पसरत राहिली, पसरलेलं असूनही.

"मला येत नाही," थोरली म्हणाली.

म्हातारीला नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?"

"मला येत नाही!" आता मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. "दोघींचं येत नाही, चौघांचं येत नाही. दोनशे चाळीसच्या खाली मला काही येत नाही. कागद आम्ही लिहिला तो खोटेपणाने नाही, अडाणीपणाने. हिला येतं. हिने आमच्या घरात एक लहान भांडं मागितलं होतं, आजारी पोरीसाठी, आणि मी हिला भर पंगतीतून घालवलं. तुमच्यातल्या कितीकांनी ऐकलंय ते. ही वेगळी झाली नाही. मी केली. आता हिला विचारा."

मालकांनी एका पोत्याचं तोंड उगीचच पुन्हा बांधलं. मधली दोन पावलं सरकली आणि धाकटीच्या मागे जाऊन उभी राहिली. वारा फिरल्याची याहून मोठी खूण त्या घरात नव्हती. आणि ती काच फुंकणाऱ्याची विधवा सावकाश खाली बसली, चुलीजवळ, धाकटीसमोर.

"मग सांग बाई," ती म्हणाली. "निम्मं करू?"

धाकटीने डाव खाली ठेवला. "निम्मं नाही, आजी. वाटाणे निम्मे, बटाटा निम्मा. पाणी मात्र तेवढंच, चार बोटं. पाण्याला माणसं मोजता येत नाहीत." हळूहळू हाताच्या घड्या सुटल्या. माणसं पुढे सरकून उकिडवी बसली. कुणी विचारलं, आमचं पातेलं उथळ आहे, मग? कुणी विचारलं, घरात सात माणसं, मग? धाकटी एकेकाला सांगत गेली.

तेल तापलं. ती मागे न बघता म्हणाली, "जाऊबाई, कांदे चिरायचेत."

थोरली खाली बसली. तिने विळी पुढे ओढली, पदर सावरला, मांडी ठाकठीक केली, दोन पोत्यांची तयारी असावी तशी. "किती?"

"दोन."

पहिला कांदा झाला. दुसरा झाला. अजून बूड नीट टेकलंही नव्हतं. तिचा हात आपसूक तिसऱ्याकडे गेला, त्याच्यावर टेकला, आणि तिथेच थांबला.

"एवढेच?" तिने विचारलं.

"एवढेच," धाकटी म्हणाली, आणि चिरलेल्या कांद्यासाठी तिने हात पुढे केला.